दंतपंक्तीचे प्रमाण आणि वर्णोच्चार

संस्कृतात ‘दंतुर’ म्हणून एक शब्द आहे. ज्याचे दात उंच किंवा पुढे आलेले आहेत असा मनुष्य, हा त्याचा मूळ अर्थ होय. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात या एका शब्दाच्या सिद्धीसाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारी ही परंपरा; तिने एका शब्दासाठी अख्खे सूत्र योजावे यावरून तो शब्द व्यवहारात चांगलाच रुळलेला असला पाहिजे. मराठीत माणसाच्या संदर्भात तो मागे पडला आणि भूगोलाच्या पुस्तकांत ‘दंतुर किनारा’ या रूपाने तेवढा उरला. या शब्दात निंदा नाही आणि रोगाचे निदानही नाही. नाक सरळ, केस कुरळे, तसे दात उन्नत. याच्या उलट वैद्यकग्रंथांचा प्रकार आहे. माधवनिदानात मुखरोगांच्या प्रकरणी ‘कराल’ नावाचा एक विकार सांगितला आहे. वायू दातांचा आश्रय करून त्यांना हळूहळू वेडेवाकडे करतो, असे त्याचे स्वरूप असून तो असाध्य ठरविला आहे. सुश्रुताने जास्तीचा दात उपटून तेथे डाग देण्यास सांगितले, परंतु वाकडा दात सरळ करण्याचा उपाय कोठे सुचविल्याचे दिसत नाही. म्हणजे दातांची जी एक अवस्था वैयाकरणाच्या लेखी वर्णनाचा विषय होती, तीच वैद्याच्या लेखी व्याधी होती, आणि व्याधीही अशी की जिच्यावर इलाज नाही.

इलाज सापडला तो फार पुढे आणि फार दूर. तथापि तो सापडल्यावर जो प्रश्न उभा राहिला तो वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राच्याही ओळखीचा आहे. दात सरळ करावयाचे म्हणजे कशासारखे करावयाचे? वाकडे ठरविण्यासाठी सरळाचे माप लागते. ते कोणी, कशावरून घेतले? भाषेच्या बाबतीत प्रमाण आणि अपभ्रष्ट यांचा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालीत आलो आहो. दंतपंक्तीच्या प्रमाणाचा इतिहासही तितकाच वादग्रस्त असून त्याचा काही भाग थेट आपल्या शास्त्राच्या अंगणातून गेलेला आहे. तो येथे थोडक्यात मांडावा, असा विचार आहे.

या विषयाकडे वळण्यास एक खाजगी कारण घडले, तेही प्रारंभीच सांगून टाकणे बरे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या दातांना तारा बसविण्यात आल्या. खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या मागे जवळजवळ पूर्ण झाकले जात आणि वरच्या हिरडीला आतून टोचत. त्यामुळे हिरडी झिजू लागली होती. दंतवैद्यांनी तारांच्या जोडीला वरच्या दातांमागे टाळूला लागून बसणारी एक पातळ पट्टी दिली. खालचे दात तिच्यावर टेकावेत आणि मागच्या दाढांना मोकळीक मिळावी, असा तिचा हेतू होता. तिसऱ्या दिवशी एम. ए. च्या वर्गात ध्वनिलेखनाचा पाठ होता. शिक्षकाने शब्द उच्चारावयाचे आणि विद्यार्थ्यांनी ते ध्वनिलिपीत टिपावयाचे, असा हा नेहमीचा अभ्यास. ‘चाक’, ‘चूक’, ‘जगणे’, ‘झाड’ असे शब्द झाले. वह्या तपासताना आढळले की मराठी व्याकरणे ज्यांना दंततालव्य म्हणतात त्या तिन्ही व्यंजनांपुढे निम्म्या वर्गाने प्रश्नचिन्हे टाकली होती. एका विद्यार्थिनीने तर जीभ दातांच्या मध्ये आल्याचे चिन्ह निर्भयपणे दिले होते. तिचे लेखन बिनचूक होते. ‘चार’ आणि ‘चीक’ यांतील तालव्य व्यंजने मात्र बव्हंशी शाबूत होती, कारण तेथे जीभ पट्टीच्या मागे टेकते. ज्या भेदावर मराठीच्या वर्णव्यवस्थेचे वैशिष्ट्य म्हणून आपण दरवर्षी एक तास खर्च करतो, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा हा तो भेद, शिक्षकाच्याच तोंडात दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीने अडविला होता.

दात हलविण्याच्या कल्पनेला मोठा भूतकाळ आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकात असा सल्ला दिला होता की दुधाचा दात न पडता दुसरा दात उगवला तर जुना काढावा आणि नवा जागेवर येईपर्यंत रोज बोटाने ढकलीत राहावे. यंत्राचा पहिला ठळक उल्लेख फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याच्या १७२८ च्या द्विखंडात्मक ग्रंथात येतो. सोन्याची किंवा चांदीची भोके पाडलेली पट्टी कमानीसारखी दातांना लावावयाची आणि एकेक दात दोऱ्याने तिला बांधून ओढावयाचा, अशी ही योजना होती. आजच्या तारेचे तत्त्व तिच्यात आलेले आहे. परंतु फोशारजवळ प्रमाण नव्हते. डोळ्यांना जो दात रांगेबाहेर दिसे तो रांगेत आणणे एवढाच त्याचा उद्देश. वरची रांग आणि खालची रांग यांचा परस्परसंबंध काय असावा हा प्रश्न त्याच्यापुढे स्पष्टपणे आलेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विद्येचा आणि ध्वनिशास्त्राचा जो संबंध आला, तो आपल्या पाठ्यपुस्तकांत जेमतेम एका वाक्यात उरकण्यात येतो. वस्तुतः तो सविस्तर सांगण्याच्या योग्यतेचा आहे. उच्चाराच्या वेळी जीभ टाळूला नेमकी कोठे टेकते हे पाहण्याची पहिली पद्धत काढली ती इंग्लंडमधील ओकली कोल्स या दंतवैद्याने, १८७० नंतरच्या लगतच्या वर्षांत. डिंक आणि पीठ यांचे मिश्रण तोंडात लावून एकेक वर्ण उच्चारावयाचा आणि मिश्रण कोठे पुसले गेले ते आरशात पाहून टिपावयाचे. कोल्सला भाषेचे कुतूहल होते ते व्यवसायातून आलेले. दुभंगलेल्या टाळूच्या रोग्यांना कृत्रिम टाळू बसविणे हे त्याचे काम होते, आणि कृत्रिम टाळू बसल्यावर रोगी बोलू शकतो की नाही यावर त्या कामाचे यशापयश ठरत असे. त्याच्या मागोमाग न्यू यॉर्कच्या नॉर्मन किंग्ज्लीने काळ्या रबराची टाळूच्या आकाराची पातळ तबकडी बनविली, तिच्यावर खडूची पूड बसविली आणि ती तोंडात ठेवून वर्ण उच्चारले. तबकडी बाहेर काढली की जिभेचा ठसा हातात येई. पुढे पॅरिसमध्ये रूस्लो याने प्रायोगिक ध्वनिशास्त्राची उभारणी केली तेव्हा हीच कृत्रिम टाळू त्याच्या मुख्य साधनांपैकी एक होती.

हा किंग्ज्ली कोण? मुखातील व्यंगांवर १८८० साली त्याने लिहिलेला ग्रंथ ऑर्थोडाँटिक्स या शास्त्राच्या आद्य ग्रंथांत गणला जातो. मागे राहिलेला खालचा जबडा पुढे यावा म्हणून वरच्या दातांमागे टाळूला लागून रबराची उतरती पट्टी बसविण्याची युक्ती त्याचीच. प्रस्तुत लेखकाच्या तोंडात जी पट्टी बसली ती त्या पट्टीच्या वंशातली. तेव्हा एकाच मनुष्याने एकाच पदार्थाची, एकाच जागी बसणारी दोन साधने केली. एकाने दात हलतात आणि दुसऱ्याने उच्चार दिसतात. पहिल्या साधनाने उच्चार बिघडतो हे दुसऱ्या साधनानेच दाखविता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात विद्युत्-टाळुलेखनाचे जे साधन सिद्ध झाले, त्यातही प्रत्येक व्यक्तीच्या दातांचा ठसा घेऊन घडविलेली प्लास्टिकची टाळू आणि तिच्यात बसविलेली ६२ विद्युद्‌अग्रे असतात, आणि ती टाळू जागेवर राहते ती दातांना अडकविलेल्या तारांच्या आकड्यांनी. ध्वनिशास्त्राने दंतवैद्याचे हे ऋण क्वचितच बोलून दाखविले आहे.

प्रमाणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित केला तो अमेरिकेच्या एडवर्ड हार्टली अँगल (१८५५–१९३०) याने. १८९९ साली त्याने दंतविकृतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वरची पहिली मोठी दाढ हा त्याचा ध्रुवतारा. तिचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसला पाहिजे. बसूनही पुढचे दात वेडेवाकडे असतील तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे असेल तर दुसरा. पुढे असेल तर तिसरा. हे वर्गीकरण आजही दंतमहाविद्यालयांत पहिल्या धड्याला शिकविले जाते. १९०० साली सेंट लुई येथे त्याने या विद्येची पहिली शाळा काढली. १९२५ च्या सुमारास त्याने जी चौकोनी खाचेची ‘एजवाइज’ रचना पुढे आणली, तीच आजच्या बहुतेक तारांची जननी आहे.

अँगलचे प्रमाण दोन वस्तूंवर उभे होते. एक, बत्तीसही दात परिपूर्ण जुळलेली एक कवटी. तिला त्याने ‘ओल्ड ग्लोरी’ हे नाव दिले होते. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचे हे लाडके नाव आहे. दुसरी वस्तू म्हणजे बेल्व्हेडेरचा अपोलो हा प्राचीन पुतळा, ज्याची मुखाकृती त्याने सौंदर्याची परिसीमा मानली. निसर्गाने बत्तीस दात दिले आहेत ते बत्तीसही राहावयास हवेत, ते योग्य जागी बसविले आणि चर्वणाच्या कामाला लावले की हाड त्यांच्याभोवती वाढेल आणि मुखही आपोआप सुंदर होईल, अशी त्याची श्रद्धा होती. त्याच गावच्या वर्पेल या चित्रकलेच्या शिक्षकाने त्याच्या विद्यार्थ्यांपुढे असे मत मांडले की सर्व मनुष्यांना लागू पडेल असा सुंदर चेहऱ्याचा एकच नियम असू शकत नाही. अँगलने त्याचा मान राखला. चेहऱ्याचे एकच माप त्याने सोडले, दातांचे मात्र सोडले नाही.

येथे एका समकालीन घटनेचे स्मरण होते. याच वर्षांत ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचे काम चालू होते आणि त्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. पुण्याच्या आसपासची बोली हे प्रमाण धरून इतर बोलींची नोंद तिच्यापासून किती दूर या हिशेबाने करावयाची, ही त्यातील मांडणी अँगलच्या दाढेच्या हिशेबाहून तत्त्वतः वेगळी नाही. वर्गीकरणाला कोठून तरी मोजावयास सुरुवात करावी लागते हे खरे. पण मोजण्याचा आरंभबिंदू आणि श्रेष्ठत्वाचा निकष या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही शास्त्रांत सारख्याच सहजतेने एक होऊन बसल्या.

अँगलच्या प्रमाणाला पहिले आव्हान दिले ते कॅल्व्हिन केस याने. १९११ साली अमेरिकेतील राष्ट्रीय दंतवैद्य परिषदेत त्याने प्रतिपादन केले की काही रोग्यांच्या बाबतीत थोडे दात काढल्यावाचून मुखाकृती बिघडेल. मार्टिन ड्यूईप्रभृती अँगलच्या अनुयायांनी त्याच्यावर कठोर टीका केली, आणि तत्कालीन सभेपुरता केस हरला. अँगलच्या मृत्यूनंतर त्याच्याच निष्ठावंत शिष्याने, चार्ल्स ट्वीडने, ती बाजू उचलून धरली. ट्वीडने गुरूच्या पद्धतीने काही वर्षे एकही दात न काढता उपचार केले. त्याला आढळले की पुष्कळांचे दात पुन्हा वाकडे झाले आणि ओठ पुढे आले. मग त्यांपैकी अनेक रोग्यांच्या चार उपदाढा काढून त्याने उपचार नव्याने केले, आणि १९४० मध्ये अशा शंभर रोग्यांचे नमुने व्यवसायबंधूंपुढे मांडले. स्वतःच्या चुकांचे प्रदर्शन स्वतःच भरविण्याचे हे धैर्य शास्त्रांच्या इतिहासात विरळा आढळते. ट्वीडविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो तो त्याच्या निष्कर्षापेक्षा या कृतीमुळे.

याहून मूलगामी विचार ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचा रेमंड बेग याने केला. तोही अँगलचाच विद्यार्थी. मायदेशी परतल्यावर त्याने आदिवासी ऑस्ट्रेलियनांच्या कवट्यांचा अभ्यास केला. (त्या कवट्या संग्रहालयांत कशा जमा झाल्या ही कथा क्लेशकारक असून ती येथे सांगण्याचे कारण नाही.) १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अश्मयुगीन मानवाच्या दंतरचनेवरील लेखात त्याने दाखविले की रेताड, चिवट, न शिजविलेल्या किंवा अर्धवट भाजलेल्या अन्नाने दात वरून झिजत आणि शेजारच्या दाताशी घासून बाजूंनीही झिजत. त्यामुळे दंतपंक्तीची लांबी आयुष्यभर कमी होत जाई आणि अक्कलदाढेलाही जागा मिळे. पुढच्या दातांच्या कडा झिजत झिजत शेवटी वरची कड खालच्या कडेवर टेके. अँगलची ‘ओल्ड ग्लोरी’ ही निसर्गाची परिपूर्ती नसून मऊ अन्न खाणाऱ्या मनुष्याची न झिजलेली अवस्था आहे, असा याचा अर्थ होतो. बेगने यावरून उपदाढा काढण्याचे समर्थन केले. जे काम वाळूने केले असते ते चिमट्याने करावयाचे. हा निष्कर्ष सर्वांना पटलेला नाही. परंतु प्रमाण हे स्वतःच एका विशिष्ट काळाचे अपत्य आहे हे त्याने दाखविले, ते मात्र पुसून टाकता येत नाही. पुढे रॉबर्ट कोरुचिनी याने १९८४ साली, उत्तर भारतासह निरनिराळ्या समाजांतील पाहण्यांची तुलना करून, कठीण अन्नाकडून मऊ अन्नाकडे होणाऱ्या संक्रमणाबरोबर दंतविकृती वाढत जातात असे मांडले. जबडा वाढीच्या वयात कामास लागला नाही की तो लहान राहतो, दात मात्र पूर्वीच्याच मापाचे येतात.

याच ठिकाणी भाषाशास्त्रज्ञ पुन्हा प्रवेश करतो. १९८५ साली चार्ल्स हॉकेट याने ‘एफ’ या ध्वनीवर एक व्याख्यान प्रसिद्ध केले. खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढावयाचे ध्वनी, ज्यांना आपण दंत्योष्ठ्य म्हणतो, ते शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजांच्या भाषांत विरळ का आढळतात, असा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर असे, की ज्यांच्या दातांच्या कडा एकमेकींवर टेकतात त्यांना हा ध्वनी काढणे कष्टाचे पडते. वरचे दात थोडे पुढे असले की खालचा ओठ त्यांना सहज लागतो, इतका की ‘प’ म्हणता म्हणता चुकूनही लागावा. या विचाराची मूळ सामग्री मानववंशशास्त्रज्ञ सी. लोरिंग ब्रेस याच्या संशोधनातून आलेली होती. (दातांच्या ब्रेसेसशी नामसाधर्म्य हा निव्वळ योगायोग होय.) ब्रेसच्या मते युरोपात वरचे दात पुढे असण्याची ठेवण सार्वत्रिक झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस काटेचमच्यांचा प्रसार झाल्यावर, आणि चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, अन्न चिरून काड्यांनी खाण्याची रीत पडल्यावर. साहजिकच त्याने हॉकेटच्या कालगणनेला हरकत घेतली: दंत्योष्ठ्य ध्वनी तर याहून कितीतरी जुने आहेत.

हा वाद तीसएक वर्षे पडून राहिला. २०१९ साली दामियान ब्लासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तो नव्या साधनांनी पुढे आणला. संगणकावर जबड्याची प्रतिकृती करून त्यांनी दाखविले की वरचे दात पुढे असता दंत्योष्ठ्य ध्वनीला लागणारे स्नायूंचे श्रम, कडेला कड असलेल्या ठेवणीच्या तुलनेत, सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतात. तसेच शिकारी-संग्राहक समाजांच्या भाषांत अशा ध्वनींची संख्या, अन्न उत्पन्न करणाऱ्या समाजांच्या भाषांतील संख्येच्या सुमारे २७ टक्के एवढीच आढळते. ध्वनिसंपदा ही सर्व मानवांना सर्वकाळी सारखीच खुली असते, हे आपण गृहीत धरीत आलो होतो. त्या गृहीतकाला यामुळे धक्का बसला.

भारतीय पुरावा या वादात अधिक पुढे यावयास हवा, असे आमचे मत आहे. ऋक्प्रातिशाख्यात ‘व’ हा ओष्ठ्य वर्णांत गणला आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य मात्र त्याच्या उच्चारात ओठांच्या कडा आणि दात यांचा संयोग सांगते, आणि पाणिनीय शिक्षा त्याला स्पष्टपणे दंत्योष्ठ्य म्हणते. या भेदात शाखाभेद किती, कालभेद किती आणि निरीक्षणाचा भेद किती हे ठरविणे अवघड आहे. परंतु काटेचमच्यांच्या कितीतरी शतके आधी या देशातील ध्वनिज्ञांनी खालचा ओठ वरच्या दातांजवळ जाताना पाहिला होता, एवढे निश्चित. शिजविलेला भात आणि दळलेले पीठ यांची संगत या भूमीला जुनी आहे.

मराठीचा ‘फ’ मात्र या सिद्धान्ताच्या मर्यादा दाखवितो. फारसीतून ‘फौज’ आणि ‘तारीफ’ आले तेव्हा मराठीने त्यांतील दंत्योष्ठ्य घर्षक न घेता आपला महाप्राण ‘फ’ त्यांच्या जागी बसविला. आज शहरी सुशिक्षितांच्या तोंडी उलट प्रवाह दिसतो. इंग्रजी शब्दांबरोबर आलेला घर्षक ‘फूल’ आणि ‘फळ’ या घरच्या शब्दांतही शिरला आहे. या दोन अवस्थांच्या दरम्यान मराठी माणसाच्या जबड्याची ठेवण उलटीपालटी झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती शाळा आणि प्रतिष्ठा. दातांची ठेवण एखादा ध्वनी सुकर करते. तो भाषेत येईल की नाही याचा निर्णय अन्य कारणांवर अवलंबून राहतो. ब्लासीप्रभृतींनीही आपला दावा संभाव्यतेच्या भाषेत केला आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता उपचाराच्या उत्तरकालीन इतिहासाकडे थोडक्यात येऊ. दात हलतो कसा हे स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने १९०४–०५ साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले होते: ज्या बाजूस दाब पडतो तेथले हाड विरघळते, ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे बसते. म्हणून घाई करून उपयोग नाही. महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर एवढीच दाताची चाल. १९५५ मध्ये ब्यूनोकोर याने फॉस्फरिक आम्लाने दाताचे कवच किंचित खरवडण्याची पद्धत काढली. त्यामुळे पुढे प्रत्येक दाताला धातूचे कडे घालण्याऐवजी लहानसा ठोकळा नुसता चिकटविणे शक्य झाले. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झालेला निकेल आणि टिटॅनियम यांचा लवचिक मिश्रधातू १९७० नंतर या कामी वापरात आला. १९९७ साली स्थापन झालेल्या एका अमेरिकन कंपनीने तारेऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांची मालिका प्रचारात आणली. आपल्याकडे मुंबईच्या नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ पासूनचे. दंतवैद्यांविषयीचा कायदा १९४८ चा आणि या शाखेच्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ ची.

प्रमाणाच्या दृष्टीने यात महत्त्वाचे वर्ष १९७२ हे होय. लॉरेन्स अँड्र्यूज याने कधीही उपचार न झालेल्या, पण दंतरचना उत्तम असलेल्या १२० व्यक्तींचे साचे तपासून त्यांत समान आढळणारी सहा लक्षणे मांडली. एक कवटी आणि एक पुतळा यांच्या जागी १२० जिवंत माणसे आली, ही प्रगती खरीच. तरी ‘उत्तम’ कोणास म्हणावयाचे हे आधी ठरवूनच ती १२० निवडलेली होती. प्रमाणभाषेचे व्याकरण लिहिताना आपणही निवेदक असेच निवडतो. दुसरीकडे, वॉशिंग्टन विद्यापीठातील लिटल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांचे साचे, आधारपट्टी थांबविल्यानंतर दहा वर्षांनी, पुन्हा तपासले. सुमारे दोन-तृतीयांशांचे खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले नव्हते. दात काढला तरी आणि न काढला तरी दंतपंक्ती आयुष्यभर सरकत राहते. म्हणूनच तारा निघाल्यावरही आधारपट्टी वर्षानुवर्षे घालावयास सांगतात.

तारांसह जगण्याविषयी ग्रंथांत जे आढळत नाही ते थोडे नोंदवितो. लोक या उपचाराला ‘तारा लावणे’ किंवा ‘क्लिपा लावणे’ म्हणतात. ‘ब्रेसेस’ हा शब्दही सर्वत्र झाला आहे, परंतु त्याचे लिंग स्थिर झालेले नाही. ‘ब्रेसेस लावले’ आणि ‘ब्रेसेस लावल्या’ ही दोन्ही रूपे एकाच प्रतीक्षागृहात ऐकू आली. दुसऱ्या रूपावर ‘तारा’ या शब्दाची छाया असावी. पहिले चार दिवस भाकरी ताकात कुस्करून खावी लागते. चिक्की, ऊस आणि हुरडा वर्ज्य. ठोकळ्यावर तार धरून ठेवणारी रबरी कडी पारदर्शक घेतली तर एका आमटीने पिवळी होते. हळदीचा हा पराक्रम ठाऊक असलेले दंतवैद्य आधीच करडी कडी सुचवितात. गालाला टोचणाऱ्या टोकावर लावावयास मेणाची कांडी देतात. ती खिशात ठेवून उन्हात हिंडू नये. सोबतचे रोगी बहुधा चौदा-पंधरा वर्षांचे. त्यांतील एका मुलाने, ‘सर, तुम्हांला अजून कशाला?’ असे विचारले, तेव्हा हिरडीचे कारण सांगितले. त्याचे स्वतःचे कारण त्याला सांगता आले नाही. दात पुढे आहेत असे घरचे म्हणतात, एवढेच तो म्हणाला. त्याच्या बाबतीत तो ‘दंतुर’ होता की ‘कराल’, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या दंतवैद्याचा. परंतु हा प्रश्न त्याला विचारता यावा, एवढे तरी घडावयास हवे होते.

उच्चाराची हकीकत अशी, की पट्टी असतानाच पाचव्या आठवड्यात दंततालव्य व्यंजने पुष्कळशी पूर्ववत ऐकू येऊ लागली. वर्गातील दुसऱ्या ध्वनिलेखनात प्रश्नचिन्हे दोनच राहिली, तीही ‘झ’वर. जीभ मात्र पूर्वीच्या जागी परतलेली नव्हती. तिने पट्टीच्या कडेवर नवी जागा शोधली आणि कानाने ती मान्य केली. आरशात पाहून आणि चुन्याच्या पुडीने ठसा घेऊन हे पडताळून पाहिले. कोल्सच्या पिठाहून ही सामग्री फार पुढची नाही. म्हणजे वक्ता जपतो तो ऐकू येणारा भेद. जिभेचे स्थान त्याच्या लेखी गौण ठरते. एका व्यक्तीच्या अनुभवावर सिद्धान्त बांधता येत नाही, म्हणून येथे एक विनंती करून ठेवतो. विभागातील ज्या विद्यार्थ्यांना येत्या वर्षात तारा बसवावयाच्या असतील, त्यांनी उपचारापूर्वी, तिसऱ्या दिवशी, सहाव्या आठवड्यात आणि तारा निघाल्यावर असे चार वेळा ‘च’, ‘ज’, ‘झ’, ‘स’, ‘व’ आणि ‘फ’ या वर्णांचे ध्वनिमुद्रण करू द्यावे. शब्दांची यादी विभागाच्या कार्यालयात ठेवलेली आहे.